बर्फाच्या पोटातली साखर

तू पाठवलेला फोटो आधी मोबाईलवर भिंग धरून पाहिला, मग तुझ्या बाबाला सांगून टीव्हीच्या पडद्यावर मोठा करून घेतला. गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या धारेपलीकडचा उतार, त्यावर तुमच्यापैकी कुणीतरी बोटाने ओढलेली लाल रेघ, आणि खाली तुझी ओळ : "आबा, असं उतरायचा बेत आहे, कसा वाटतो?"

उतार सुंदर आहे. असा कोरा बर्फ पाहिला की पाय शिवशिवतात, हे मला पंचाहत्तरीतही कळतं. पण तू विचारलंयस म्हणून सांगतो. ती रेघ पुसून टाका. का, ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी रेघ ओढण्याआधीच तुला दिसेल.

फोटोत डावीकडची धार बघ. काळा खडक उघडा पडलाय, बर्फ जेमतेम चिकटलेला. आणि तिच्या उजवीकडचा खोलगट भाग कापूस भरलेल्या उशीसारखा फुगलाय. आपल्या खळ्यावर धान्य उफणताना तू लहानपणी पाहिलंस. वाऱ्याच्या अलीकडे काही उरत नाही, सगळा भुसा पलीकडे जाऊन पडतो. डोंगरावर वारा तेच करतो. समोरच्या अंगाचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो. एका रात्रीत आभाळातून वीतभर पडला असेल, तरी आडोशाला तो दोन-तीन हात साठलेला सापडेल. हवामान खात्याच्या आकड्यात ही भर कुठेच नसते. शिवाय वाऱ्याने नेलेला बर्फ पिसासारखा राहत नाही. त्याच्या पाकळ्या मोडतात, चुरा होतो, चुरा दाटून बसतो आणि त्याची लादी बनते. काठी मारली की पोकळ ढोलासारखा आवाज येतो. तुम्हाला उतरायचंय ती जागा नेमकी त्या लादीवर आहे.

दुसरं, तुमची रेघ उताराच्या पोटावरून जाते. वर सपाट, मग उतार फुगीर होऊन एकदम खाली वळतो, ती जागा. तिथं लादी ताणलेली असते. फुटायची झाली तर बहुतेक वेळा तिथंच फुटते. आणि तिसरं, जे फोटोत अर्धंच दिसतंय : खाली घळ आहे. उघड्या मैदानात लादी आली तर पसरते, माणूस निदान वरच्या थरात राहू शकतो. घळीत ती पसरत नाही, साठते. लहानशी लादीसुद्धा तिथं माणसावर दोन पुरुष उंच ढीग रचते.

आता "लहानशी" म्हणजे किती? पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि हातभरसुद्धा जाडी नाही, चाळीस सेंटिमीटर. वाऱ्याने दाटलेला बर्फ घनमीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो. गुणाकार कर. अडीचशे टन. आपल्या कारखान्यावर उसाचे पंधरा-वीस ट्रक ओळीने उभे असतात ना, ते सगळे एकदम, ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वेगाने. थांबल्यावर हाच बर्फ क्षणात असा आवळतो की आत अडकलेल्याला बोट हलवता येत नाही. पोहून वर यायचं, थुंकून वर-खाली ओळखायचं आणि उकरत निघायचं, या सगळ्या गोष्टी जेवणानंतर ऐकायला बऱ्या.

तशीच आणखी एक गोष्ट घरोघरी सांगतात की ओरडल्याने बर्फ कोसळतो. ओरडल्याने कोसळत नाही. माणसाच्या वजनाने कोसळतो. हिमस्खलनात गेलेल्या गिर्यारोहकांच्या आणि स्कीवाल्यांच्या दहातल्या नऊ घटनांत ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेली असते. डोंगर आपल्या अंगावर येतो, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे आपणच त्याच्या अंगावर जातो आणि कळ काढतो. मला यात धीर वाटतो, कारण जे आपल्या पावलाने होतं ते आपल्याला टाळता येतं.

आता मुख्य गोष्ट. उतारावर पाय ठेवण्याआधी सगळे आभाळाकडे बघतात. तू खाली बघायला शीक, आणि मागे. आज पडलेला बर्फ कशावर पडलाय? त्याच्या खाली डिसेंबरचा आहे, त्याच्याखाली नोव्हेंबरचा. हिवाळाभर बर्फ थरावर थर चढत जातो. वरचे थर कितीही मजबूत असोत, बसणार ते खालच्या थराच्या भरवशावरच.

नोव्हेंबरात काय होतं ते सांगतो. पहिला बर्फ पडतो, तोही थोडा. मग पंधरा-वीस दिवस निरभ्र. लोक खूश, ऊन छान. जमीन मात्र अजून उबदार असते, बर्फाखाली तपमान शून्याच्या जवळ. आणि रात्री बर्फाचा वरचा पृष्ठभाग उणे पंधरावर जातो. पन्नास सेंटिमीटरच्या पांघरुणात पंधरा अंशांचा फरक, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला तीन अंश. दहा सेंटिमीटरला एक अंशाच्या पुढे फरक गेला की खालची वाफ वर चढू लागते, आणि चढता चढता बर्फाच्या कणांचा घाट बदलून टाकते. एकमेकांना धरून बसलेले कण सुटे होतात, टोकदार, चकचकीत. हातात घेतलेस तर मुठीत गोळा होत नाही, बोटांतून साखरेसारखा गळतो. आम्ही फौजेत त्याला साखरच म्हणायचो. अजून थंडीत राहिला तर कण वाढून पेल्यासारखे पोकळ होतात, त्यांच्यावर रेषा दिसतात. हाच दीड मीटर जाड बर्फ असता तर तेवढीच थंडी दहा सेंटिमीटरला एका अंशावर वाटली गेली असती आणि साखर झालीच नसती. म्हणून लक्षात ठेव, भरपूर बर्फाचं साल नेहमी जास्त वाईट नसतं. सुरुवातीला थोडा बर्फ, मग कोरडी थंडी, आणि त्यावर जानेवारीत मोठं वादळ, हे सगळ्यात वाईट.

सारवलेल्या अंगणात ज्वारीचे दाणे पसर, त्यावर लाकडी फळी ठेव आणि फळीवर उभी राहा. अंगण जरा उतरतं असेल तर काय होईल? बर्फाच्या लादीचं तेच. फळी मजबूत असते, अंगणही मजबूत असतं, घात होतो तो मधल्या दाण्यांमुळे. साखर नसेल तर कधी मधला थर दंवाचा असतो. थंड, निवांत, निरभ्र रात्री बर्फावर पिसांसारखं दंव उगवतं, सकाळच्या उन्हात हिऱ्यासारखं चमकतं, पर्यटक फोटो काढतात. त्यावर नवा बर्फ पडला की ते पिसांचं पीक आत गाडलं जातं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. सावलीच्या, उत्तरेकडच्या उतारावर जास्त, कारण तिथं ऊन पोहोचून थर जुळत नाहीत.

हे सगळीकडे सारखं नाही, हेही सांगून ठेवतो. पीर पंजालमध्ये, म्हणजे तुझ्या गुलमर्गला, बर्फ भरपूर आणि जरा ओलसर. तिथल्या बऱ्याच लाद्या वादळात आणि वादळानंतरच्या एक-दोन दिवसांत सुटतात. झोजी खिंड ओलांडून द्रासकडे गेलीस की बर्फ कमी, थंडी कोरडी, तळाला साखर. तिकडे वादळाला दहा दिवस होऊन गेले तरी विश्वास ठेवता येत नाही. पण पीर पंजालमध्येही एखाद्या सालची सुरुवात कोरडी जाते. म्हणून तिथल्या माणसाला पहिला प्रश्न विचार : यंदा पहिला बर्फ कधी पडला, आणि त्यानंतर किती दिवस उघडीप होती? कालच्या बर्फाबद्दल सगळेच सांगतात, नोव्हेंबरचं सांगणारा माणूस शोध.

आणि स्वतः खणून बघ. जिथं उतरायचंय त्याच दिशेचा, तसाच पण लहान आणि खाली मोकळं मैदान असलेला उतार निवड. फावड्याने छातीएवढा खड्डा कर आणि त्याची वरची भिंत सपाट तासून घे. हातमोजा काढ. बोटाने वरून खाली रेघ ओढत ये, हळू. बोट मऊ जाईल, मग अडेल, मग एखाद्या जागी एकदम आत घुसेल. ती जागा लक्षात ठेव. तिथला बर्फ तळहातावर घे, गडद रंगाच्या बाहीवर पसर आणि भिंगाने बघ. कण एकमेकांना धरून आहेत की सुटे? मग तीस सेंटिमीटर लांब-रुंद खांब चारी बाजूंनी मोकळा कर, त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं आडवं ठेव, आणि मनगटातून दहा टिचक्या, कोपरातून दहा थापा, खांद्यातून दहा थापा, असं मार. मनगटाच्या थापांवरच खांब चिरून पाट सरकावा तसा पुढे सरकला, तर तेवढं उत्तर पुरे, सामान आवर आणि मागे फिर. मात्र उलटं धरू नकोस. एक खड्डा चांगला निघाला म्हणजे सगळा उतार चांगला, असं नाही. वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो. खड्ड्याचा नकार पाळायचा, त्याच्या एकट्याच्या होकारावर जायचं नाही.

काही खुणा मात्र खड्ड्याशिवाय कळतात. समोरच्या तशाच उतारावर ताजी लादी तुटलेली दिसणं, ही सगळ्यात मोठी खूण. स्कीच्या टोकापासून बर्फात काचेसारखी चीर पळत जाणं, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे धप्प.

हे तुला मी आजवर सांगितलेलं नाही. तुझ्या आजीलाही अर्धंच सांगितलं.

उत्तर काश्मीरमधलं एक ठाणं. मी तेव्हा नाईक होतो. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं झालं. वरच्या चौकीवर रॉकेल आणि टपाल पोहोचवायचं होतं, आम्ही सात जण निघालो. एका वळणावर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा धप्प असा आवाज झाला. माळ्यावर ज्वारीचं पोतं पडावं तसा, पण पायाखालून. मी मागे वळून पाहिलं, कुणाचं ओझं पडलं का. कुणाचंच पडलं नव्हतं. सगळ्यांची ओझी पाठीवरच होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि निघालो. तो आवाज म्हणजे पायाखालची साखर दबून वरची अख्खी लादी बोटभर खाली बसली होती. सपाटीवर होतो म्हणून नुसती बसली. डोंगराने याहून स्पष्ट शब्दांत सांगायचं तरी कसं?

पन्नास पावलांवर नाळ आडवी होती. पहिले तिघं ओलांडून गेले, मी तिसरा. चौथा आपल्याच जिल्ह्यातला, माझ्यानंतर वर्षभराने भरती झालेला. वाटेत खडकाचं डोकं वर आलं होतं, आमच्या पावलांवरून न जाता तो त्याला वरून वळसा घालून निघाला. खडकाजवळ बर्फ पातळ असतो. आमची पावलं जाड भागावर पडली, खालच्या साखरेपर्यंत वजन पोहोचलंच नाही. त्याचं पोहोचलं. चीर त्याच्या पायापासून निघाली आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून, ऐंशी-शंभर हात वरून पळत गेली. पाचवाही गेला, पण त्याचा हात बाहेर राहिला, त्याला आम्ही लगेच ओढून काढला.

त्या काळी आमच्याकडे बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारी रेडिओयंत्रं, नव्हती. कमरेला लाल डोरी बांधायची, पंधरा-वीस मीटरची, ती मागे सोडून चालायचं. माणूस गाडला गेला तर हलकी डोरी वर तरंगेल, ही आशा. त्याच्या डोरीचं टोक आम्हाला दिसलं, बरंच खाली. ते धरून आम्ही उकरत गेलो. फावडी दोन, धडधाकट माणसं पाच, बाकी सगळं हातांनी आणि जेवणाच्या डब्यांच्या झाकणांनी. सापडला तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. खोल नव्हता, कमरेएवढाच. तोंडासमोर बर्फाची गुळगुळीत काच जमली होती, श्वासाने वितळून परत गोठलेली. तेवढ्याने त्याची हवा बंद झाली.

तिघं सुखरूप गेले म्हणून चौथा जाईल, असं धरू नकोस, हे मी त्याच्यामुळे सांगतो. उतारावर आधीच्यांच्या स्कीच्या रेषा दिसल्या तर त्या एवढंच सांगतात की ते गेले तेव्हा ते गेले. आणि खडक, झुडपं, धारेच्या कडा, म्हणजे जिथं बर्फ पातळ होतो, त्या जागा आसरा वाटल्या तरी टाळ.

उताराचं माप काढायला सोपी युक्ती आहे. तुझ्या दोन काठ्या सारख्या लांबीच्या कर. एक उतारावर सरळ उभी धर. दुसरी आडवी, अशी की तिचं एक टोक वरच्या बाजूच्या बर्फाला टेकेल आणि दुसरं उभ्या काठीला. आडवी काठी उभ्या काठीच्या माथ्याला लागली तर उतार पंचेचाळीस अंश. निम्म्यावर लागली तर सत्तावीसच्या जवळपास. निम्म्याच्या वर गेली की सावध, कारण लाद्या बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांत सुटतात, त्यातही अडतीसच्या आसपास सर्वांत जास्त. हे काही कडे नव्हेत. आपल्या वाड्याचा जिना एवढाच चढतो. स्की करायला हेच उतार सगळ्यात मजेचे, हीच खरी अडचण. मोबाईलवरही कोन मोजता येतो, पण थंडीत मोबाईल मान टाकतो, काठ्या टाकत नाहीत. आणि तू स्वतः पंचवीस अंशांवर असलीस तरी वर अडतीसचा उतार लटकत असेल, तर तू त्याच्याच तोंडात आहेस. वर काय आहे ते बघितल्याशिवाय खालची वाट सोपी म्हणू नकोस.

पश्चिमी विक्षोभ येऊन गेला, चोवीस तासांत फूटभर किंवा जास्त बर्फ पडला, की पुढचे दोन दिवस खोऱ्यात राहा, पत्ते खेळा. सुट्टी संपत आली म्हणून त्यातला एक दिवस कमी करायचा नाही. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा इशारा रोज जिल्हावार देते. पूर्वी मनालीला सासे होती, १९६९ मध्ये स्थापन झालेली, तिचंच काम आता हिच्याकडे आहे. तो इशारा सकाळी वाच. जगभर धोक्याच्या पाच पायऱ्या धरतात. चौथ्या-पाचव्या पायरीला सगळेच घरी बसतात. सर्वाधिक माणसं तिसऱ्या पायरीला जातात, युरोपातला अनेक वर्षांचा अनुभव हाच आहे. तीन म्हणजे मधलं, चालेल, असं वाटतं. तीनला माणसाच्या पायाने लादी सुटू शकते.

फेब्रुवारीच्या अखेरीनंतर आणखी एक गोष्ट सुरू होते, ती ओल्या बर्फाची. रात्री आभाळ झाकलेलं राहिलं आणि बर्फ गोठला नाही, तर सकाळी निघूच नकोस. गोठला असेल तर अंधारात निघा आणि दक्षिणेकडच्या, पूर्वेकडच्या उतारांवरून ऊन तापायच्या आत उतरा. खडकांखालून बर्फाचे छोटे लाडू घरंगळायला लागले, बूट घोट्याच्या वर रुतायला लागले, की वेळ संपली. धारेच्या कडेला वाऱ्याने बांधलेली बर्फाची वळचण असते. तिच्या खाली जेवायला बसायचं नाही, आणि तिच्यावर फोटोसाठीही जायचं नाही. ती तुटते तेव्हा तुला वाटतं त्याहून बरीच आतून तुटते.

आता तुमच्या टोळीबद्दल. तू लिहिलंस की चौघांतला एक खूप अनुभवी आहे, त्याच्यावर सोडलंय. सोडू नकोस. त्याचा अनुभव खरा असेल. पण बर्फ माणसाची पदवी विचारत नाही. गुलमर्गलाच, ८ फेब्रुवारी २०१० रोजी, हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे प्रशिक्षण घेणारे जवान खिलनमर्गला गाडले गेले, सतरा जण गेले. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीतल्या द्रौपदी का डांडावर नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षणार्थींचा गट लादीत सापडला. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे मिळालेच नाहीत. गेलेल्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली, तुझ्याच वयाची पोर. त्या दिवशी मी टीव्हीसमोरून उठलो नाही. हे कुणाची चूक काढायला सांगत नाही. एवढंच, की सोबत जाणकार आहे म्हणून आपले डोळे मिटायचे नाहीत. अनुभवी माणसाचा बहुतेक अनुभव हा न सुटलेल्या उतारांचा असतो, आणि त्यातले किती नशिबाने सुटले नाहीत हे त्यालाही कळलेलं नसतं.

म्हणून चौघांत एक नियम करा. एकाने "नको" म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, रात्री शेकोटीशी चिडवायचं नाही. त्या दिवशी धप्प ऐकून सात जणांपैकी प्रत्येकाला काहीतरी वाटलं होतं. मलाही वाटलं. मी बोललो नाही, कारण कुणीच बोललं नाही. तू पोर म्हणून, सगळ्यांत लहान म्हणून गप्प बसशील, ही मला लादीपेक्षा मोठी भीती आहे.

उतार ओलांडायचाच असेल तर एक एक करून. बाकीचे सुरक्षित जागी उभे, नजर त्याच्यावर. सगळे एकदम उतारावर गेलात तर शोधायला उरणार कोण? काठीचे पट्टे मनगटातून काढा, पाठपिशवीचा छातीवरचा पट्टा सोडा, तोंडावर मफलर घ्या.

सामान तीन : बीकन, सळई, फावडं. तिन्ही प्रत्येकाजवळ. एकाकडे फावडं आणि दुसऱ्याकडे सळई, अशी वाटणी करू नका. ज्याच्याकडे फावडं आहे तोच गाडला जाईल. बीकन पिशवीत नको, अंगावर, वरच्या जाकिटाच्या आत. सगळे ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपनीचे चालतात. मोबाईल त्याच्यापासून वीतभर तरी लांब, आणि शोधताना हातभर लांब, नाहीतर यंत्र खोटं बोलतं. रोज निघताना एकाने पुढे उभं राहून बाकीच्यांचे बीकन वाजतात का ते एकेक करून तपासावं. फावडं धातूच्या पात्याचं असू दे, प्लास्टिकचं आवळलेल्या बर्फावर मोडतं.

आणि सराव कर. इथं काळ्या मातीत कर, पिशवीत बीकन घालून बाबाला शेतात पुरायला सांग. स्वित्झर्लंडमध्ये वर्षानुवर्षांच्या नोंदी काढून पाहिलंय : दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेले दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाला दहातले तीन. मदतीला हेलिकॉप्टर येईल, चौकीतून लोक येतील, पण त्या दहा मिनिटांत फक्त तुम्ही चौघं असता. सोबती शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा, तिथून खाली शोधा. वर पडलेली टोपी, हातमोजा, काठी बघा. बीकनचा आकडा सर्वांत कमी होईल तिथं सळई उताराला काटकोनात घाला, वीतभर अंतराने गोल गोल फिरत. लागली की सळई काढायची नाही, तशीच ठेवायची. डोक्यावर उभं राहून खणू नका. उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरा, दोघं पुढे तासतील, दोघं मागे उपसतील. मीटरभर खाली असलेल्यासाठी टनभर बर्फ हलवावा लागतो. आधी तोंड, मग छाती मोकळी करा. आणि गारठलेल्या माणसाला मेलेला ठरवू नका, हळुवार हलवा, श्वास देत राहा, ठरवायचं काम डॉक्टरांचं.

सियाचेनला फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकी गाडली गेली. दहा जण. त्यांत आपल्या माण तालुक्यातला एक जवान होता. लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, सगळ्या देशाने देव पाण्यात ठेवले, तीन दिवसांनी तेही गेले. त्यांच्या भोवती हवेची पोकळी राहिली होती. अशी पोकळी नशिबाने मिळते, तिच्या हिशेबाने बेत आखायचे नाहीत.

तंबू कुठे लावायचा हेही बघून ठेव, कारण झोपलेल्या माणसाला लादी सोडवावी लागत नाही, वरून आपोआप सुटलेली येते. दाट देवदारांत मध्येच झाडं नसलेला पट्टा दिसला, किंवा भूर्जाची झाडं सगळी खालच्या दिशेला वाकलेली, बुंध्यांवर वरच्या अंगाच्या फांद्याच नाहीत, तर तो बर्फाचा नेहमीचा रस्ता आहे. नाळेच्या तोंडाशी सपाट जागा छान दिसते. ती सपाट तिथूनच आलेल्या दगड-बर्फाने झालीय. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा इथं रस्ता बांधणाऱ्या कामगारांच्या छावणीवर असंच आलं. चोपन्न माणसं, पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहणारी. शेहेचाळीस काढली, आठ गेली. गरीब माणसं होती, छावणीची जागा त्यांनी निवडली नव्हती. तुला निवडता येते.

अफरवटबद्दल शेवटचं. गंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या, मुख्य उतारावर गस्तीची माणसं असतात, लाद्या मुद्दाम पाडून टाकतात, तिथं मजेत खेळ. त्या उताराच्या हद्दीच्या दोरीपलीकडे तेच डोंगर, तोच बर्फ, पण तिथं कुणी काही पाडलेलं नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला त्याच अफरवटवर दोन पोलिश स्कीवाले गेले. पाय पलीकडे टाकायचाच असेल तर पंचवीस अंशांच्या आतल्या, जंगलातल्या, वर काही लटकत नसलेल्या उतारांवर टाक. बर्फ तिथंही तितकाच पांढरा असतो.

नव्या रेघेचा फोटो काढून पाठव, या वेळी उताराचा वरचा आणि खालचा दोन्ही भाग दिसू देत. आणि गाईडला फोन कर, नोव्हेंबरचं विचार : पहिला बर्फ कोणत्या तारखेला, किती, आणि मग उघडीप किती दिवस. तो काय म्हणतो ते मला कळव. रात्री नऊपर्यंत मी जागा असतो.